दादांचे कान आणि माझी वायर

परभणीत माझ्याकडे लोक अजूनही सल्ला विचारायला येतात. दुकान मुलाच्या हवाली करून मी नुसतं खुर्चीत बसायचं ठरवलं, तरी येतात. कुणी नवं घर बांधलेलं असतं, हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही लावलेला असतो, आणि विचारतात, "काका, स्पीकर कुठं ठेवू?" मी आधी त्यांना पाणी देतो. मग सांगतो, बाबा, कोपऱ्यात कोंबू नकोस, खालचा आवाज नुसता गुरगुरायला लागतो. जमिनीवर ठेवू नकोस, बारीक आवाजाचा तो छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येऊ दे. दोन्हींमध्ये जेवढं अंतर, तेवढंच अंतर तुझ्या खुर्चीपासून प्रत्येकाचं ठेव. इथवर सगळे मान डोलावतात. मग मी म्हणतो, "आणि सगळं जोडून झालं की घरातलं जे माणूस म्हणेल 'मला यातलं काही कळत नाही', त्याला पहिलं बसव, आणि ते काय बोलतंय ते गप ऐकून घे." यावर ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय. गंमतच आहे, पण ती माझी झालेली आहे, आणि ताडकळसच्या आमच्या दोन खोल्यांत सगळ्या गल्लीदेखत झालेली आहे.

दोन खोल्या, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि गाव गुरुजी म्हणायचं, कारण ते प्राथमिक शाळेत शिकवायचे. आमच्या वस्तीतून शिकून मास्तर झालेला तो पहिला माणूस. आजूबाजूला कुणाच्या अंगात यायचं, कुणी लिंबू उतरवायचं, कुणी मुहूर्त काढायला धावायचं. या सगळ्यांवर दादांचं हत्यार एकच होतं. ते शांतपणे विचारायचे, "कुठं लिहिलंय? वाचून दाखव." समोरच्याची बोलती बंद. हा कायदा आमच्या घरालाही लागू होता. मी आणि माझी बहीण भांडलो, तरी पुस्तक आणून पान काढावं लागायचं. माय चुलीपुढून वैतागून म्हणायची, "आमटीत मीठ किती घालू, तेबी वाचून दाखवू का?" पण तीही मनातून या कायद्यावर खूश होती. स्वतः तिला जेमतेम सही यायची, आणि छापलेला कागद ती कधी पायाखाली येऊ द्यायची नाही.

दादा गायचे. विहारासमोर जयंतीला जी गायनपार्टी उभी राहायची, तिचा मुख्य गळा त्यांचा. ढोलकीवर लक्ष्मणकाका. हे पेशानं गवंडी, हाताची बोटं सिमेंटनं फुटलेली, पण त्यांचा डावा हात ढोलकीच्या जाड बाजूवर पडला की आमच्या पत्र्यावरच्या चिमण्या उडायच्या. वर्षभर सराव चालायचा. घरात मात्र दादा सकाळी गायचे, माय भाकरी थापत असायची तेव्हा. थापेच्या मध्ये थाप पडावी असा त्यांचा तो गुणगुणता सूर, तव्यावर फुगणारी ज्वारीची भाकरी, लांब स्टँडवर पहिल्या एस्टीचा भोंगा. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी सकाळ अशी होते.

मी तेव्हा परभणीला आयटीआयमध्ये होतो, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या ट्रेडला. शिकायला लागून चार महिने झाले होते. या विद्येत चार महिने हा फार वाईट काळ असतो. तारांना झाळ लावता यायला लागलेली असते आणि माणूस स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागलेला असतो. मी स्टिरिओ ॲम्प्लिफायरचं किट मिळवलं आणि घरी हाय-फाय बसवायचं जाहीर केलं. किटबरोबर चाळीस पानांची एक मराठी पुस्तिका होती. तिची पहिली पाच पानं 'नवशिक्यांसाठी' होती, म्हणून मी सहाव्या पानापासून सुरुवात केली.

खोकी मी स्वतः ठोकली, प्लायवूडची. पुस्तिकेत लिहिलं होतं, खोक्यात आतून कापूस लावावा, म्हणजे आवाज आतल्या आत घुमत नाही. परभणी जिल्ह्यात राहून कापूस कोण शोधत बसतो! मी मायची उशी उसवली. माय आठवडाभर लुगड्याची घडी डोक्याखाली घेऊन झोपली. दोन्ही खोकी सारख्या उंचीवर हवीत, म्हणून एक लोखंडी ट्रंकेवर चढवलं आणि दुसरं पिठाच्या डब्यावर. डबा बुटका पडला, तेव्हा खाली जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे घातले. पुस्तकं घालायला दादांनी साफ मनाई केली. वायरचं म्हणाल, तर एका खोक्याला लाल-काळी जोडवायर पुरली. दुसऱ्याला ती कमी पडली. मग मंडपवाल्याकडून उरलेला तुकडा आणला, त्याच्या दोन्ही तारा पांढऱ्या. दोन तारा, दोन टोकं. कुठलीही तार कुठल्याही टोकाला लावली तरी आवाज येतो. लावली. आवाज आला. मी पुढच्या कामाला लागलो.

शेवटी दादांच्या खिशातला खडू घेऊन मी मोजून-मापून फरशीवर एक फुली मारली. ऐकणाऱ्यानं फुलीवरच बसायचं. मायला पाण्याची घागर घेऊन त्या फुलीला वळसा घालून जावं लागायचं आणि ती प्रत्येक वळशाला मला एक शिवी द्यायची. कॅसेट कुठली लावायची हा प्रश्नच नव्हता. मागच्या जयंतीला मंडपवाल्यानं एकाच माइकवरून दादांची पार्टी टेप केली होती, ती. त्या रविवारी गल्ली लोटली. एकेक जण फुलीवर बसून उठायचा.

"अरे, आवाज खोक्यातून येतच न्हाई की! चारी बाजूंनी यायलाय!"

"माझ्या तर डोक्याच्या मागून यायलाय बगा!"

मी दारात हाताची घडी घालून उभा. "यालाच स्टिरिओ म्हणतात," मी म्हणालो. आज एखादं गिऱ्हाईक असं कौतुक करायला लागलं, की मी त्याला बोलू न देता आधी खोक्याच्या मागं जाऊन वायर बघतो.

सगळ्यात शेवटी दादा बसले. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. डोळे मिटून त्यांनी एक अख्खं गाणं ऐकलं. मग डोळे न उघडताच म्हणाले, "मिलिंद, लक्ष्मणचा डावा हात कुठं गेला?"

"हाय की दादा. टेपात सगळं हाय." मी आवाज वाढवला.

"मोठं नको करू. मोठं न्हाई पायजे मला. खाली पायाच न्हाई त्याला. आन मी कुठं बसलोय यात? मला मीच सापडंना."

चूल पिठाच्या डब्याशेजारी होती, तिथून माय म्हणाली, "हितं तर बराबर ऐकू यायलंय." ती एकाच खोक्याला चिकटून बसली होती, तिला बरोबर ऐकू येणारच. पण हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की सगळी गल्ली खूश आहे आणि एकट्या दादांची तक्रार आहे. दादांनाही तेच दिसलं असावं. ते माझ्याकडं बघून अगदी विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "याबद्दल काही लिहिलंय का तुझ्या पुस्तकात? वाचून दाखव."

होतं ना. मी पान काढलं आणि रेडिओवर बातम्या देतात त्या आवाजात वाचलं, "वाढत्या वयानुसार मनुष्याच्या कानाची उंच स्वर ऐकण्याची शक्ती क्षीण होत जाते. अशा व्यक्तीस ध्वनी अस्पष्ट वाटू शकतो."

आता गंमत बघा. पुस्तिका बोलत होती उंच स्वरांबद्दल, आणि दादांची तक्रार होती खालच्या. माझ्या ते ध्यानात आलं नाही, कारण मला ते येऊ द्यायचं नव्हतं. दादांच्या ध्यानात आलं नाही, कारण पोरगा वाचून दाखवत होता. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, तो परिच्छेद स्वतः एकदा वाचला. "बराबर हाय," म्हणाले, आणि उठून त्यांनीच टेप बंद केला.

पुढच्या शनिवारी मी घरी आलो तेव्हा त्यांनी पार्टीतून नाव काढून घेतलं होतं. जयंतीला महिना राहिलेला. लक्ष्मणकाकांना सांगून टाकलं होतं, कान गेले, दुसरा गायक बघा. मी म्हटलं, दादा, परभणीला डॉक्टरला दाखवू. ते म्हणाले, "लिहिलंय की. डॉक्टर काय येगळं सांगणार? आन गाणाऱ्याला कान पयला, गळा मागून. आपलं बेसूर आपल्याला कळंना, तर लोकांनी ते कामून सोसावं?" रविवारी सकाळी ते गुणगुणले नाहीत. माय भाकरी थापत होती आणि नुसती थापच ऐकू येत होती. मी चहा प्यायलो तेव्हा ती माझ्याकडं न बघता बोलली, "माझी उशी घातलीस त्या खोक्यात. आता बापाचा गळाबी घातलास."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, थोडंच. त्याखाली एक बारीकसा मोठेपणाही होता, की अख्ख्या गल्लीत ज्यांचा शब्द चालतो त्यांना माझ्या वाचण्यानं गप्प केलं.

तो मोठेपणा मंगळवारी दुपारी उतरला. आमच्या सरांनी वर्गात टेबलावर दोन उघडे स्पीकर ठेवले आणि बॅटरीचा एक सेल घेतला. सेलची दोन टोकं त्यांनी स्पीकरच्या दोन टोकांना टेकवली. स्पीकरचा कागदी पडदा टक्कन पुढं आला. टोकं उलटी करून टेकवली, तर तोच पडदा आत गेला. सर म्हणाले, "दोन्ही स्पीकर एकदम पुढं आले पाहिजेत. एक पुढं आणि एक मागं असला, तर याने ढकललेली हवा तो ओढून घेतो. खालचे सूर मरून जातात. आणि मधोमध ऐकू यायचा तो माणूस कुठंच ऐकू येत नाही." सगळी पोरं वहीत लिहून घेत होती. माझ्या कानात दादा बोलत होते, मला मीच सापडंना. मी प्रॅक्टिकल सोडून सरळ स्टँड गाठलं.

दादा शाळेत गेले होते. माय सुपात तुरीची डाळ पाखडत होती. मी टॉर्चमधला सेल काढला, स्पीकरच्या जाळ्या काढल्या, ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवली आणि एकेका वायरीला सेल टेकवला. माय सूप मांडीवर ठेवून बघत बसली.

"हा पोट फुगवायलाय," ती म्हणाली. "आन त्यो आत घ्यायलाय. असं कामून?"

मी पांढऱ्या वायरीची दोन टोकं अदलाबदल केली. अर्धं मिनिट लागलं असेल. मग टेप लावला. लक्ष्मणकाकांचा डावा हात पडला आणि पिठाच्या डब्याचं झाकण थरथरलं. दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये, जिथं भिंतीवर कॅलेंडर होतं तिथं, दादा उभे राहून गायला लागले. मायनं बराच वेळ कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हंजे तूच चुकलास."

"हां."

"बापाला सांग."

"सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही. मी एक युक्ती काढली. दादा शाळेतून आल्यावर त्यांना फुलीवर बसवलं आणि म्हटलं, आवाज जरा सुधारलाय, ऐका. त्यांनी ऐकलं. पहिल्या थापेला त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "हा हाय लक्ष्मण," ते म्हणाले. "हा मी." मग हळूहळू तो उजेड उतरला. "काय केलंस?"

"टोन वाढवला, दादा. तुमच्या कानाच्या मानानं."

"म्हंजे कानाला चष्मा लावलास म्हण की." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लय हुशार झालास. बापासाठी एवढं केलंस. पण स्टेजवर हा चष्मा कुठून आणू रे?"

युक्ती अशी उलटली. आवाज दुरुस्त झाला होता, आणि दादांचे कान जास्तच पक्के गेले होते. वर ते माझे उपकार मानत होते. त्या दिवशी येसराची आमटी होती, माझी आवडती. मायनं माझ्या ताटात ती नेहमीपेक्षा जास्त वाढली आणि विचारलं, "जायलाय का घास खाली?"

जात नव्हता. मी ताटाकडं बघत म्हणालो, "दादा, वायर उलटी होती."

"कुठली?"

"स्पीकरची. मी उलटी जोडली होती. आज सरळ केली. टोनबिन काही वाढवला न्हाई. त्या दिवशी तुमाला ऐकू येत होतं ते बराबर होतं."

दादांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी विचारायच्या आधीच मी उठलो, पुस्तिका आणली आणि नवशिक्यांच्या पाच पानांतलं तिसरं पान काढलं. या वेळी बातम्यांचा आवाज निघाला नाही. दोन्ही स्पीकरची धन व ऋण टोके एकसारखी जोडल्याची खात्री करावी, अन्यथा खालचे स्वर नाहीसे होतात. एवढंच होतं, दीड ओळ.

मी मार खायची तयारी ठेवली होती. दादांनी हात धुतला, पुसला, आणि ते उंबऱ्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "तुझं सोड. तू पोरगं हाईस. मी कामून माझ्या कानावर भरवसा ठेवला न्हाई? तीस वर्षं गायलोय मी." थोड्या वेळानं म्हणाले, "वाचायला मी शिकवलं तुला. वाचताना कान उघडे ठेवायचे, हे सांगायचं राहिलं." आणि मग मास्तरच्या आवाजात, "बाजाराच्या दिवशी लक्ष्मणला तू जाऊन सांगायचं. मी न्हाई सांगणार."

आठवडी बाजारात लक्ष्मणकाका मिरच्या निवडत होते. मी जवळ जाऊन हळूच सांगायला लागलो. त्यांनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल. गुरुजींचं बघून मलाबी कमी ऐकू यायलंय." मिरचीवाली हसली, शेजारचा कांदेवाला हसला. मी मोठ्यानं बोललो. सगळं, खोक्यांसकट, सेलसकट, टोन वाढवल्याच्या थापेसकट.

"वा!" लक्ष्मणकाका म्हणाले. "परवा कान गेले, आज कान आले. पार्टी हाय का दवाखाना? पूर्णेच्या गाणाऱ्याला मी जबान दिलीय. सुपारीबी दिलीय त्याला." मी मान खाली घालून उभा. मग त्यांनी हातातली मिरची पाटीत टाकली. त्यांचा आवाज एकदम बदलला. "एवढी वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो मी. कान गेलेत म्हणाले, आन मी म्हणलं, बरं. एका शब्दानं इचारलं न्हाई. तू तर येडाच हाईस, पण मला कळाया नको का?" पिशवी उचलत ते म्हणाले, "दिवस मावळायच्या आत येतो. परीक्षा घेणार हाय गुरुजींची. सांगू नको."

ते आले, ढोलकी घेऊन. म्हणाले, गवसणी फाटलीय, वहिनींकडून टाका घालून घ्यायचाय. दादा आमच्याकडं पाठ करून पोरांच्या वह्या तपासत होते. माय टाका घालायला बसली आणि लक्ष्मणकाका सहज चाळा म्हणून वाजवायला लागले. मला काही वेगळं जाणवलं नाही. दोन आवर्तनं झाली. दादांनी लाल पेननं एका वहीवर शेरा लिहिला आणि मान न वळवता म्हणाले, "लक्ष्मण, डावं उतरलंय."

"कुठं उतरलंय? उगं काहीतरी."

"केसभर उतरलंय. चढव."

लक्ष्मणकाकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "केसभरच उतरवलं होतं, गुरुजी," ते म्हणाले. त्यांनी कडी ओढून ढोलकी चढवली आणि डाव्या हाताची एक थाप टाकली. दादांनी पेनाला टोपण घातलं. मग ते वळले.

पूर्णेच्या गायकाला दिलेली जबान मोडायची नाही असं ठरलं, म्हणून त्या जयंतीला गाणी वाटून घेतली गेली, निम्मी त्यांची, निम्मी दादांची. त्यानंतर दादा आणखी अकरा वर्षं गायले. मी हजारो घरांत स्पीकर जोडले असतील, पोट त्यावरच भरलं. पण माझ्या एका तारेपायी ही अकरा वर्षं बुडणार होती, आणि ती बुडाली नाहीत याचं श्रेय मी कुणाकुणाला देऊ? आमच्या सरांच्या सेलला, मायच्या आमटीला, लक्ष्मणकाकांच्या केसभर लबाडीला. माझा हिस्सा त्यात फार थोडा.

तो थोडा हिस्सासुद्धा दादांनी त्याच जयंतीला भर मंडपात मोजून दिला. उन्हं उतरली होती, विहारासमोर माणूस मावत नव्हता. दादा माइकपुढं आले आणि गायच्या आधी बोलायला लागले. "यंदा मी गाणार न्हाई, असं तुमी ऐकलं असंल. माझे कान गेलेत, असं मला माझ्या पोरानं वाचून दाखवलं होतं." माणसं वळून मला शोधायला लागली. मी मायच्या पाठीआड सरकलो. "वायर त्यानंच उलटी जोडली होती. पण ते मला सांगितलं कुणी? त्यानंच सांगितलं. न सांगताबी भागलं असतं त्याचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय पुढं स्टेजकडंच बघत होती, टाळ्या वाजवता वाजवता ती मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "ताट पुढं ठेवून सांगायला कुणी लावलं, ते न्हाई सांगितलं त्यांनी."

आणि दादांनी पहिला सूर लावला.